मुरण्यास लागणारा काळ : पिंपातील बिअर आणि खानदेशची मोहाची

लोणचे घातल्यापासून तिसऱ्याच दिवशी बरणीचे फडके सोडणाऱ्या नातवावर घरातील आजी रागावते. लोणचे संपून जाईल ही तिची भीती नसते; ते अद्याप मुरलेले नाही, एवढेच तिचे म्हणणे असते. कैरी, मीठ, मोहरी, तिखट, तेल ही सारी सामग्री पहिल्या दिवसापासून बरणीत असते, तथापि लोणच्याची चव तीत नसते. ती यावयास त्या सामग्रीत काही काळ जावा लागतो. या क्रियेस मराठीने ‘मुरणे’ हा फार समर्पक शब्द योजिला आहे. जमिनीत पाणी मुरते, पाकात आवळा मुरतो, आणि आपल्या विद्येत उभी हयात घालविलेल्या गवयासही लोक ‘मुरलेला’ असेच म्हणतात.

मद्यालाही हाच नियम लागू पडतो. लाकडी पिंपात महिनोन्महिने मुरविलेली बिअर हा अलीकडे शहरांतून कौतुकाचा विषय झाला आहे. तिची चव कोठून येते हे पाहू लागल्यास दृष्टी सहजच दुसऱ्या एका मद्याकडे वळते. ते मद्य खानदेशच्या उत्तर सीमेवर सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या निघत आले आहे, आणि त्याच्या वाट्याला मुरणे मात्र क्वचितच आले. ते मद्य म्हणजे मोहाची दारू.

प्रथम बिअरचा विचार करू. बिअर ही बहुधा ताजी प्यावयाची वस्तू होय. जव भिजवून त्यांस मोड आणतात, ते भट्टीवर वाळवितात, भरडून त्यांचे सत्त्व कोमट पाण्यात उतरवितात, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडसर फुले घालून उकळतात, आणि मग यीस्ट नावाच्या सूक्ष्म जीवांच्या स्वाधीन करतात. हे जीव साखर खाऊन मद्यार्क निर्माण करतात. काही आठवड्यांत पेय तयार होते. मोठे कारखाने ते डब्यांत व बाटल्यांत भरून देशोदेशी धाडतात. लहान प्रमाणावर, हातचे राखून न ठेवता आणि नवनवे प्रयोग करीत बिअर बनविणाऱ्यांचा एक वर्ग याच्या उलट बाजूस उभा राहिला. त्यांच्या मालास क्राफ्ट बिअर हे नाव पडले. महाराष्ट्रात या प्रकाराचा आरंभ पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ या लहानशा मद्यशाळेने केला.

पिंपाचा आणि बिअरचा संबंध मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे आणि त्यात मुंबई बंदराचाही थोडा वाटा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात विलायतेहून मुंबईस येणारी फिकट बिअर ओक वृक्षाच्या लाकडी पिंपांतून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार-सहा महिन्यांचा सागरप्रवास करीत येई. वाटेत दोनदा उष्ण कटिबंध ओलांडताना ती तापे, निवे आणि हेलकावत राहून मुरे. बंदरावर उतरलेली बिअर लंडनमध्ये भरलेल्या बिअरहून निराळी लागत असे. प्रवासानेच तिला पक्व केलेले असे.

बेल्जममध्ये ब्रुसेल्स शहराच्या आसपास ‘लँबिक’ नावाची बिअर होते, तिची गोष्ट याहूनही मौजेची आहे. तेथे उकळलेला रस पसरट उघड्या भांड्यांत रात्रभर थंड होऊ देतात. हवेतून आणि जुन्या पिंपांच्या लाकडातून त्यात आपोआप यीस्ट शिरते. मग तो रस एक ते तीन वर्षे पिंपात पडून राहतो. एक वर्षाची आणि तीन वर्षांची अशा निरनिराळ्या वयांच्या बिअरी एकत्र करून बाटलीत भरण्याचीही तेथे रीत आहे. कोवळीत साखर शिल्लक असते, जुनीत गांभीर्य असते, आणि दोहोंच्या संगतीने पेयास फेस व तोल येतो.

अलीकडच्या पिंपातील बिअरीस चालना मिळाली ती अमेरिकेतून. बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्याच पिंपात ठेवली पाहिजे, असा तेथे कायदा आहे. म्हणून व्हिस्की काढून घेतल्यावर ती पिंपे बर्बन करणाऱ्यांच्या उपयोगाची राहत नाहीत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात शिकागोच्या ‘गूज आयलंड’ या मद्यशाळेने अशा रित्या पिंपांत दाट काळी बिअर भरून ठेवली आणि पुढे जगभर तिचे अनुकरण झाले.

ओकच्या पिंपात नेमके काय घडते? ओकचे लाकूड द्रव पदार्थ धरून ठेवण्याइतके घट्ट, परंतु बाहेरची हवा अत्यंत मंद गतीने आत येऊ देण्याइतके सच्छिद्र असते. लाकडास जो घट्टपणा देणारा घटक असतो, तो उष्णतेने विघटित झाल्यावर त्यापासून व्हॅनिलाच्या वासाचे द्रव्य सुटते. ओकमधील दुसऱ्या एका द्रव्यास ओल्या खोबऱ्याचा वास असतो. जाळलेल्या पृष्ठभागाखाली लाकडातील शर्करा करपून तिची खमंग चव झालेली असते. उष्म्याने द्रव लाकडात शिरतो, गारव्याने बाहेर येतो, आणि प्रत्येक येरझाऱ्यात या चवी थोड्या थोड्या घेऊन येतो. पिंप हे येथे केवळ भांडे राहत नाही. ते पाककृतीतील एक सामग्रीच होते.

अशी बिअर चाखण्याची रीतही निराळी आहे. तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण पुष्कळदा शेकडा दहाच्या वर, म्हणजे साध्या बिअरीच्या दुप्पट असते. ती बर्फासारखी गार करून घशाखाली लोटावयाची नसते. गारव्याने तिचा वास कोंडतो. लहानशा पेल्यात थोडीशी ओतून प्रथम ती उजेडात पाहावी, मग हुंगावी, मग जिभेवर घोळवावी. आधी व्हॅनिला आणि खोबरे जाणवते, मागून काकवी व कडक कॉफी, आणि सरतेशेवटी लाकडाचा तुरटपणा मागे राहतो. अर्ध्या तासाने तोच पेला कोमट झाल्यावर निराळा लागतो. चार घोटांत माणूस तृप्त होतो आणि पाचव्याची घाई करीत नाही. घाईत केलेले मद्य घाईने प्यायले जाते आणि सावकाश केलेले सावकाश. या नियमास अपवाद असतील, परंतु तो अनुभवास येणारा नियम आहे.

ही सारी विद्या परदेशची, असे म्हणून तिला बाजूस सारता येणार नाही. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे काय आहेत? औषधीचा रस किंवा काढा, त्यात गूळ अथवा मध, आंबण्यास साह्य म्हणून धायटीची तांबडी फुले, आणि हे सर्व माखलेल्या घड्यात घालून, तोंडास लेप देऊन, महिनाभर निवांत ठेवावयाचे. ही मुरविण्याचीच विद्या आहे. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चरकसंहितेत ग्रहणी रोगाच्या चिकित्सेत ‘मधूकासव’ नावाचे आसव सांगितले आहे, आणि मधूक म्हणजे मोह. मोहाच्या फुलांचा काढा मध घालून ज्या घड्यात ठेवावयाचा, तो घडा आतून वेलची, अगरू, चंदन इत्यादी सुगंधी द्रव्यांनी माखून घ्यावा आणि आसव त्यात एक महिना राहू द्यावे, असे तेथे विधान आहे. भांड्याने मद्यास गंध द्यावा आणि काळाने तो त्यात जिरवावा, ही कल्पना या देशात, आणि तीही मोहाच्याच बाबतीत, इतकी प्राचीन आहे.

आता खानदेशाकडे वळू. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तापीच्या सपाटीवर कापूस आणि केळी. परंतु रावेर, यावल, चोपडे, शिरपूर या तालुक्यांच्या उत्तर अंगास जमीन एकदम उंचावते आणि सातपुडा सुरू होतो. पश्चिमेस शहादे, तळोदे, अक्कलकुवे, अक्राणी असा तो नर्मदेपर्यंत पसरला आहे. भिल्ल आणि पावरा समाजाची ही भूमी, आणि मोह हे या भूमीचे कल्पवृक्षासारखे झाड.

फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडलेली असतात आणि फांद्यांच्या टोकांस फुलांचे घोस येतात. फुले रात्री उमलतात आणि पहाटेच्या सुमारास टपटप खाली पडतात. दव उतरायच्या आत बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. फूल मांसल, फिकट पिवळसर आणि रसाने भरलेले. तोंडात टाकल्यास गोड, परंतु त्या गोडीला एक उग्र वासाची किनार असते. उन्हात चार दिवस वाळले की ते तपकिरी होऊन बेदाण्यासारखे आक्रसते, आणि त्यात निम्म्याहून अधिक वाटा साखरेचा असतो. ही सुकी फुले भाजून, कुटून, भाकरीच्या पिठात मिसळून खातात, गुरांना चारतात, दुष्काळात त्यांनी कित्येक कुटुंबांस तगविले आहे. पुढे फळे येतात, त्यांच्या बियांचे तेल निघते. दारू हा या झाडाच्या अनेक देणग्यांतील एक भाग आहे. तेच त्याचे सर्वस्व नव्हे.

ती दारू गाळण्याची रीत साधी आहे. सुकी फुले मडक्यात पाणी घालून भिजत ठेवावयाची. उन्हाळा-हिवाळ्याच्या मानाने चार ते आठ दिवसांत ती आंबून त्यांचा सडवा होतो. मग मडके चुलीवर चढवून वर दुसरे भांडे पालथे बसवावयाचे, सांधे मातीने लिंपावयाचे, आणि बांबूच्या नळीने वाफ दुसऱ्या भांड्यात न्यावयाची. ते भांडे ओढ्याच्या गार पाण्यात बुडविलेले असते. प्रथम जी गळते ती ‘पहिल्या धारेची’, सर्वांत तिखट. मराठीत हा शब्द दारूपुरता उरला नाही. कोणत्याही अस्सल, कडक वस्तूस लोक पहिल्या धारेची म्हणतात. पिण्यापूर्वी चार थेंब जमिनीवर सांडून पूर्वजांना आणि देवाला देण्याची चाल आहे. याहामोगी देवीच्या देवमोगऱ्याच्या यात्रेत महाशिवरात्रीस पहिल्या धारेचीच धार वाहतात. जन्म, लग्न, मृत्यू, पंचांचा निवाडा, होळी, या प्रत्येक प्रसंगी तिचे स्थान ठरलेले आहे.

चाखून पाहिल्यास तिच्यात फुलाचा वास, चुलीच्या धुराचा वास आणि एक किंचित तेलकट गोडी आढळते. चांगल्या हातची असेल तर ती निर्मळ असते. परंतु ती कोवळी असते. ताज्या लोणच्यात मीठ आणि कैरी जशी वेगवेगळी लागावी, तसा तिच्यातील तिखटपणा आणि फूल यांचा अद्याप मेळ झालेला नसतो. तिला मुरू का दिली नाही, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

याचे एक कारण पाड्यातील जीवनक्रमातच आहे. फुले वर्षभर टिकतात. म्हणून साठवण होई ती फुलांची. सण आला की फुले भिजवावी, गाळावी आणि सर्वांनी मिळून संपवावी, असा क्रम. दारू ही सामुदायिक प्रसंगाची वस्तू असल्यामुळे ती मागे ठेवण्याचे प्रयोजन नव्हते. शिवाय मडक्याच्या मातीतून ती झिरपून आणि उडून जाई.

परंतु दुसरे कारण बाहेरून आले. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला. घरोघरच्या भट्ट्या बेकायदा ठरल्या, दारू गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांकडे आणि विकण्याचे काम परवानेदार मक्तेदारांकडे गेले. १८९२ च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलेच ठरावीक मर्यादेपलीकडे परवान्यावाचून बाळगण्यास मनाई केली. जे आपल्या अंगणातील झाडाखालची फुले वेचून आपल्यापुरती गाळीत होते, ते दुकानाचे गिऱ्हाईक झाले. आणि गिऱ्हाईक झाल्यावर दुकानदाराचे व सावकाराचे कूळ झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला. बंदी पुढे सैल झाली, परवानेदार दुकाने उघडली, परंतु घरच्या भट्टीवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला नाही.

या कायद्यांचा चवीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. जी वस्तू घरात सापडणे हाच गुन्हा, ती कोणी वर्षभर पिंपात ठेवीत नाही. फौजदार यावयाच्या आत ती विकून किंवा पिऊन टाकावी लागते. सडवा लवकर तयार व्हावा म्हणून त्यात गूळ आणि नवसागर पडू लागतो. चौथ्या दिवशीच भट्टी लागते. पहिली धार आणि शेवटची धार वेगळी ठेवण्याचीही फुरसत राहत नाही. मुरण्यास काळ लागतो, आणि काळ जावू देण्यास निर्भयपणा लागतो. तो निर्भयपणा स्कॉटलंडातील पिंपांच्या कोठारास कायद्यानेच दिला. तेथे तीन वर्षे पिंपात राहिल्यावाचून व्हिस्की हे नाव घेता येत नाही. तेथील कायद्याने वाट पाहण्याची सक्ती केली. येथील कायद्याने वाट पाहणेच अशक्य केले.

याला दुसरीही बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. दारूने आदिवासी समाजाचे जे नुकसान केले, त्याविरुद्ध पहिला आवाज बाहेरच्यांनी उठविला असे नव्हे. तो त्या समाजातूनही उठला. १९२२-२३ साली दक्षिण गुजरातेत देवीच्या संचाराने हजारो आदिवासींनी दारू सोडली आणि मक्तेदारांची दुकाने ओस पाडली. खानदेशात तळोदे तालुक्यातील मोरवड येथे आप श्री गुला महाराजांनी भिल्ल समाजास व्यसनमुक्तीचा आणि स्वच्छ आचरणाचा उपदेश केला. १९३८ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी तेच कार्य चालविले. डिसेंबर १९३६ मध्ये ज्या फैजपुरास काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, ते सातपुड्याच्या पायथ्याचेच गाव. आणि दारूबंदी हे त्या काळी काँग्रेसच्या कार्यक्रमातील एक प्रमुख कलम होते. पुढील काळात गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून दुकानाची बाटली आडवी केली, तीही याच अनुभवापोटी. ज्या घरातील मजुरी गुत्त्यावर जाते, त्या घरातील बाईस पिंपात मुरलेल्या मद्याच्या गंधाचे वर्णन ऐकविणे ही थट्टा होईल.

तथापि नीट पाहिल्यास या स्त्रियांचा आणि त्या संतांचा रोख ज्या दारूवर होता, ती बहुतांशी दुकानाची, उधारीची आणि रोजची दारू होती. सणाला गावाने मिळून प्यावयाची ती रोज एकट्याने प्यावयाची झाली, हे स्थित्यंतर घडविण्यात मक्त्याच्या पद्धतीचा मोठा हात आहे. म्हणून व्यसनाचा प्रश्न आणि मोहाच्या मानाचा प्रश्न हे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही.

अलीकडे वारे थोडे बदलले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुलांसारख्या गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली. २०१८ साली गोव्यात डेस्मंड नाझरेथ यांनी मोहाचे मद्य रीतसर बाटलीत भरून बाजारात आणले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्यावरील व साठविण्यावरील निर्बंध बरेच सैल केले. मध्य प्रदेशाने तर मोहाच्या दारूस वारसा-मद्याचा दर्जा दिला आणि ते गाळण्याचा अधिकार आदिवासींच्या बचत गटांपुरता राखून ठेवला. नर्मदेच्या पलीकडे, अक्राणीसमोरच्याच अलीराजपूर जिल्ह्यात ‘मोहुलो’ या नावाने ते निघाले. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली गोवा शासनाने तिला वारसा-पेय म्हटले, ते उदाहरणही समोर आहे.

अशा वेळी मोहाच्या अर्काने लाकडी पिंपाची वाट धरली, तर त्यात नवल नाही. खानदेशच्या हवेत तो प्रयोग कसा वागेल याचा अंदाजही बांधता येतो. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातील मद्य वर्षाकाठी सुमारे शेकडा दोन उडून जाते. बंगळुरास ‘अमृत’ व्हिस्की करणाऱ्यांस शेकडा दहाहून अधिक घट सोसावी लागते, परंतु त्यांची व्हिस्की चार-पाच वर्षांतच पक्व होते. जळगाव-भुसावळचा वैशाख, जेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, पिंपातील द्रवास लाकडात अधिकच जोराने ढकलील. घट मोठी होईल, पण मुरणे लवकर होईल.

मात्र त्या पिंपाची किल्ली कोणाच्या कनवटीस असेल, हे आधी ठरले पाहिजे. १८७८ साली मोहाची भट्टी पाड्यातून उचलून मक्तेदाराच्या आवारात गेली. आज ती उंची बाटलीच्या रूपाने शहरातील मेजावर आली आणि पाड्यातील म्हातारीच्या मडक्यावर मात्र पूर्वीप्रमाणेच धाड पडत राहिली, तर बदललेले काही नसेल. फक्त मक्तेदाराचा वेष बदललेला असेल. पुष्कळ ठिकाणी असे दिसून आले आहे की, गरजेपोटी चैत्रात स्वस्तात विकलेली फुलेच वेचणाऱ्यांना पावसाळ्यात चढ्या भावाने परत घ्यावी लागतात. साठविण्याची ऐपत आणि मुभा ज्याच्यापाशी, नफा त्याचा, हा व्यापाराचा जुना नियम आहे. म्हणून पाड्यातील बचत गटापाशी कोठार असणे, त्या कोठारास परवाना असणे आणि चार महिने वाट पाहता येईल इतके भांडवल हाती असणे, या तीन गोष्टी पिंपाच्या लाकडाइतक्याच आवश्यक आहेत.

पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांतील जी मंडळी पिंपातील बिअरीचा पेला हाती घेऊन तिच्यातील व्हॅनिला आणि खोबरे ओळखतात, त्यांनी उद्या मोहाचा मुरलेला अर्क चाखताना आणखी एक गोष्ट ओळखण्याचा प्रयत्न करावा : या बाटलीतील वर्षे कोणाची आहेत? फुले वेचणाऱ्या हातांनाच ती वर्षे थांबता आले असेल, तर चव खरी. आणि जी मंडळी मद्यास स्पर्शही करीत नाहीत, त्यांनाही हा प्रश्न परका नाही. कारण मोहाचे फूल भाकरीत पडो, लाडवात पडो की घड्यात पडो, ते साठवून ठेवण्याचा हक्क ज्याचा त्याला मिळणे ही न्यायाची गोष्ट आहे, व्यसनाची नव्हे.